एकट्या बजीला जोडी आणताय? जरा थांबा

एक मेसेज सध्या फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. ‘छोटा पक्षी एकटा ठेवला की झुरून मरतो. आजच दुसरा आणा. कुठल्याही जातीचा चालेल, फक्त नर-मादी बघून घ्या. सरळ त्याच पिंजऱ्यात सोडा, दोन दिवस भांडतील, मग जमेल. तुमचंही काम कमी होईल.’ मला तो चार जणांनी पाठवला, चौघांनीही मायेपोटी. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी त्यातलं खरं. बजी, म्हणजे घरोघरी पाळले जाणारे ते छोटे बजरिगर पोपट, मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरचे, थव्याने राहणारे. एकमेकांच्या डोक्यावरची पिसं साफ करणं, चोचीत चोच घालून भरवणं हे आपल्याला कधीच जमणार नाही. घर दिवसभर रिकामं असेल तर जोडीदाराचा विचार रास्तच आहे. पण माणसांत रुळलेला, रोज काही तास पिंजऱ्याबाहेर वावरणारा एकटा पक्षीही वर्षानुवर्षं मजेत राहतो. आणि पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेल्या, श्वासागणिक शेपटी वरखाली होणाऱ्या पक्ष्याला ‘एकटा पडलाय बिचारा’ म्हणू नका. तो आजारी आहे. त्याला आधी डॉक्टर हवा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘आजच आणा आणि त्याच पिंजऱ्यात सोडा’. पक्षी आजार लपवतात, कारण थव्यात जो दुबळा दिसतो तोच शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. मी दुसरा बजी आणला तेव्हा तो टुणटुणीत होता, सारखा दाण्याच्या वाटीत तोंड घालून बसलेला. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं आणि रोज सकाळी छोट्या डिजिटल काट्यावर तोलत होतो. पहिल्या दिवशी 36 ग्रॅम, नवव्या दिवशी 31. खाणं चालू आणि वजन उतरतंय! पिंजऱ्याखालचा कागद उजेडात धरला तर विष्ठेत अख्खे, न पचलेले दाणे दिसत होते. डॉक्टरांनी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि पोटात बुरशीचा संसर्ग निघाला. बजींमध्ये हा बऱ्याचदा आढळतो आणि विष्ठेतून दुसऱ्याला लागतो. औषधाने तो बरा झाला. आणला त्याच दिवशी एकत्र सोडला असता तर जुन्या बजीलाही हा संसर्ग लागू शकला असता.

म्हणून नवा पक्षी निदान 30 दिवस, जमलं तर 45 दिवस वेगळ्या खोलीतच ठेवा. त्याच्या वाट्या वेगळ्या, आणि दाणा-पाणी आधी जुन्याचं, मग नव्याचं. हात साबणाने धुवा. क्लॅमिडिया सिटासाय हा जिवाणू वरून ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्यातही असू शकतो आणि तो माणसालाही आजारी पाडतो.

‘कुठल्याही जातीचा चालेल’ हे तर अजिबात नाही. लव्हबर्ड बजीपेक्षा थोडाच मोठा दिसतो, पण त्याची चोच दणकट असते आणि जागेवरचा हक्क तो सोडत नाही. दांडीवरच्या बजीचा पाय धरून बोट तोडायला त्याला क्षणही लागत नाही. फिंच, म्हणजे चिमणीसारखे ते इवलेसे पक्षी, तर पोपटवर्गातलेच नाहीत. चोचीच्या ताकदीत ते बजीपुढेही टिकत नाहीत. कॉकटील हा तुरेवाला पोपट स्वभावाने शांत, वजनाने बजीच्या दुप्पट-तिप्पट, तरी चिवट बजी त्याला वाटीपासून हुसकावत राहतो. बजीला बजी, कॉकटीलला कॉकटील, एवढं साधं ठेवा.

नर-मादीचा हट्टही कशासाठी? पिल्लं वाढवायची नसतील तर बजीमध्ये दोन नर सहसा सुखाने राहतात. दोन माद्यांमध्ये मात्र मारामाऱ्या जास्त होतात. नर-मादी ठेवलीच तर घरट्याची पेटी लावू नका. वारंवार अंडी घालणाऱ्या मादीचं कॅल्शियम कमी पडतं, अंडं आत अडकतं आणि तिचा जीव जाऊ शकतो. शिवाय ओळखताना फसगत होते. प्रौढ नराच्या चोचीवरची नाकपुड्यांची गादी निळी, मादीची तपकिरी, हे बरोबर. पण अगदी लहान पिल्लांत रंग पक्का झालेला नसतो, आणि पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या जातींत प्रौढ नराचीही गादी गुलाबी-जांभळीच राहते. लव्हबर्डच्या नेहमी पाळल्या जाणाऱ्या जातींत तर नुसतं बघून नर-मादी कळतच नाही, पिसाची डीएनए तपासणी करावी लागते.

काम कमी होतं हेही खरं नाही. साफसफाई दुप्पट, दवाखाना दुप्पट.

राहिलं ‘दोन दिवसांत जमेल’. वेगळं ठेवण्याचे दिवस संपले की पिंजरे शेजारी-शेजारी ठेवा, पण जाळीतून पाय धरता येणार नाही इतकं अंतर राखून. मग दोघांनाही परकी असेल अशा जागी, तुमच्या डोळ्यांसमोर बाहेर सोडा. एकमेकांजवळ निवांत पिसं साफ करू लागले की मगच एका पिंजऱ्याचा विचार, तोही मोठ्या, नव्या मांडणीच्या, दोन टोकांना दोन वाट्या असलेल्या. रक्त दिसलं किंवा एक जण दुसऱ्याला वाटीजवळ फिरकूच देत नसेल तर लगेच वेगळे करा. काही जोड्या कधीच जमत नाहीत आणि दोन पिंजरे कायमचे राहतात. घरात दुसऱ्या पिंजऱ्याला जागा नसेल तर सध्या दुसरा पक्षी आणू नका.