नेट नव्हतं, पण गोल होता

सकाळी जे डोकं फिरलं ते अजून जागेवर आलं नाही, म्हणून लिहून राहिली आहे. वाचायचं तर वाचा.

फिरून येताना धरमपेठेत तर्री पोहे खायला थांबले. बाजूच्या बाकावर ओळखीचेच एक काका आणि त्यांचं नेहमीचं टोळकं. मोबाईलवर जुना व्हिडिओ सुरू होता. २०२३ चा महिला फुटबॉल विश्वचषक, मेलबर्न, स्वीडन विरुद्ध अमेरिका, पेनल्टी शूटआउट. स्वीडनच्या हर्टिगचा फटका अमेरिकेची गोलकीपर नेअरनं अडवला, बॉल वर उडाला, तिनं मागं झेपावून पुन्हा हातानं बाहेर काढला. तरी गोल दिला आणि अमेरिका घरी गेली. काका म्हणतात, "वहिनी, पाहा न, दोनदा अडवला तरी गोल! बाई रेफ्री, दुसरं काय होणार!" सगळे खो खो हसले.

अहो काका, तो गोल बाईनं नाही, गोललाईनवरच्या कॅमेऱ्यांनी दिला. रेफ्रीच्या घड्याळावर सिग्नल आला. अख्खा बॉल रेषेपार गेला होता, काही मिलिमीटरनं का होईना. आणि ती बाई कोण? स्टेफनी फ्रापार. २०२२ ला कतारमध्ये पुरुषांचा कोस्टारिका-जर्मनी सामना तिनंच चालवला. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते, तुम्ही जागून पाहिला असेल. तेव्हा नाही दिसली बाई?

हे मी तिथं बोलले का? नाही. आणखी तर्री मागितली आणि मुकाट्यानं खाल्लं. राग काकांवर कमी, माझ्यावर जास्त आहे.

कारण हे हसू मी ओळखते. अकरावीत होते. मुलींचा सामना, गोलपोस्टला नेट नाही, आणि नागपूरचं ऊन. माझा फटका डाव्या खांबाच्या आतून गेला आणि मागच्या बाभळीला लागला. रेफ्री मध्यरेषेजवळ उभा. त्यानं गोल किक दिली, म्हणजे बॉल बाहेर गेला म्हणे! मी धावत गेले, ओरडले, बाभळीकडे बोट दाखवलं. बाहेर उभे होते ते हसायला लागले. आमचेच सर आले आणि म्हणाले, "जाऊ दे न बाप्पा, पोरींचाच तर सामना आहे."

पोरींचाच. तो 'च' अजून टोचतो.

बरं, मान्य, बायकांच्या सामन्यात रेफ्रींनी घोडचुका केल्या आहेत. २०११ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध विषुववृत्तीय गिनीच्या खेळाडूनं स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये बॉल चक्क दोन्ही हातांत धरला आणि रेफ्रीला दिसलं नाही. पण १९८६ ला मॅराडोनानं हातानं गोल केला, तोही रेफ्रीला दिसला नव्हता. त्याला तुम्ही 'देवाचा हात' म्हणता. तिथं कोणी म्हटलं का, पुरुष रेफ्री, दुसरं काय होणार?

मागच्या काही वर्षांतलं आपलंच घ्या. फेब्रुवारी २०२४, ढाका, १९ वर्षांखालील मुलींची सॅफ (दक्षिण आशियाई स्पर्धा) फायनल, भारत-बांगलादेश. १-१, मग पेनल्टीवर ११-११. आणि रेफ्रीनं नाणं उडवलं! पेनल्टी सुरू ठेवायच्या सोडून टॉस! आपण जिंकलो म्हणून आपल्याला गंमत वाटली. बांगलादेशच्या पोरी मैदान सोडेनात, शेवटी दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. मैदान सोडलं नाही ते बरंच केलं त्यांनी.

त्याच वर्षी ऑक्टोबरात काठमांडू. सॅफचा उपांत्य सामना. संगीता बासफोरनं गोल केला, आपल्या पोरी जल्लोषात असतानाच नेपाळनं झटकन किक-ऑफ घेऊन बॉल जाळ्यात घातला. रेफ्रीनं तो रद्द केला. माझ्या मते बरोबरच, किक-ऑफला सगळ्यांनी आपापल्या अर्ध्यात असायला पाहिजे. पण नेपाळच्या पोरी ऐकेनात. तासाभराहून जास्त खेळ बंद. नंतर बरोबरी केली आणि टायब्रेकरमध्ये आपल्याला हरवलं. हरल्याचं वाईट वाटलंच, पण खरं सांगू? त्या तासाभरात मला भरून आलं होतं. भरलेल्या स्टेडियममध्ये एका गोलसाठी सगळे भांडत होते, आणि 'जाऊ दे' म्हणायला कोणी नव्हतं.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरला. आमच्या त्या रेफ्रीचंही काय चुकलं म्हणा. एकटा माणूस, लाईन्समन नाही, डोक्याला ओला रुमाल बांधून तिसरा सामना चालवत होता. त्याला बाभळीपर्यंत काय दिसणार? सरांना मात्र मी माफ केलेलं नाही.

मागच्या दिवाळीत बर्डीच्या बाजारात त्या सामन्यातली समोरची गोलकीपर भेटली. दोघींच्या हातात पिशव्या, तिच्यासोबत तिची मुलगी. मी नमस्कार-चमत्कारही न करता विचारलं, "तो आत होता न?" म्हणाली, "बाहेरून गेला होता, वीतभर." पंधरा मिनिटं आम्ही पणत्यांच्या हातगाडीसमोर भांडलो. तिनं चार पणत्या मांडून खांब दाखवले, मी बॉलसाठी लिंबू काढलं. पणतीवाली बाई वैतागली, गोलकीपरची मुलगी लाजून पलीकडे जाऊन उभी राहिली. आम्ही दोघी एकदाही हसलो नाही.

ती माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. खाली येऊन 'बाहेरच होता' असं लिहीलच. लिही बाई. आत होता.