बाळ झोपेत गेलं की सगळे सुनेकडेच का बघता?

तीन-चार महिन्यांचं बाळ रात्री दूध पिऊन निजतं आणि सकाळी उठतच नाही. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी असो नाहीतर खानापूर, पुढचं बोलणं ठरलेलं. "हिनंच झोपेत अंगाखाली घेतलं असंल." "दृष्ट लागली." "पाचवी नीट पुजली न्हाई." दुपारपर्यंत बाळ पुरून होतं. ठपका मात्र त्या पोरीवर जन्मभर राहतो.

डॉक्टर ज्याला सिड्स (तान्ह्या बाळाचा अचानक, कारण न सापडलेला मृत्यू) म्हणतात ते पोस्टमार्टेम, झोपायच्या जागेची पाहणी आणि आजाराची चौकशी करूनही कारण सापडलं नाही, तरच म्हणता येतं. आपल्याकडे तान्ह्या बाळाचं पोस्टमार्टेम करतंय कोण? कधी बाळ खरंच अंगाखाली सापडतं, नाही असं नाही. पण न तपासता निकाल देणारे तुम्ही कोण?

अमेरिकेत १९९० च्या सुमाराला लाख जन्मांमागे १३० बाळं अशी जायची. १९९४ पासून 'बाळाला पाठीवर झोपवा' हे घरोघर सांगितलं, आणि दहा वर्षांच्या आत आकडा निम्म्यावर आला. यात आपल्या आज्या हुशार, पाळण्यात उताणंच निजवायच्या. पण बेळगावची थंडी पडली की कुंची, टोपरं, स्वेटर, वर जाड वाकळ, शेजारी शेगडी आणि दारं-खिडक्या बंद! बाळ जास्त तापणं आणि पांघरूण तोंडावर येणं, दोन्ही धोक्याचंच.

आणि तंबाखू. तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली महामार्ग अडवणारी आमची निपाणी. तंबाखूवर किती चुली पेटतात हे मला कुणी शिकवू नये. तरी बोलणार. गरोदरपणी आईच्या अंगात गेलेला आणि नंतर बाळाच्या खोलीत साठलेला धूर सिड्सचा धोका खूप वाढवतो असं धरतात. झोपेत श्वास अडखळला की बाळाला जागं करणारी मेंदूची यंत्रणा निकोटिननं मंदावते. स्वीडनमधल्या अभ्यासात गरोदरपणी बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांनाही हा धोका जास्त दिसला. म्हणजे आपली मशेरीही निर्दोष समजू नका. बाळाच्या उशाशी बसून बिडी ओढणाऱ्या मामंजींना मात्र कुणी एका शब्दानं विचारत नाही.

आईचं दूध हा धोका कमी करतं. बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या पाळण्यात, घट्ट गादीवर, उशीशिवाय ठेवावं. एवढंच सांगायचं असतं. पण खानापूरच्या रानातल्या मराठी आजीच्या हातात कन्नड पत्रक देऊन ते कसं पोचणार? आशाताईंनी घरात बसून, आजीला आणि मामंजींना समोर घेऊनच सांगायला हवं. एकट्या सुनेला सांगून उपयोग नाही, वाकळ काढायचा अधिकार तिला असतो कुठं?