‘पोलीस येण्याआधी पुरावा जमा करा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

‘शेतशिवारात खून किंवा संशयास्पद मृत्यू आढळल्यास पोलिसांची वाट पाहू नका, हत्यार, बाटली, कपडे प्लास्टिकच्या पिशवीत जमा करा, प्रेतावर चादर टाका, फोटो गटात टाका, नाहीतर पाऊस सगळे वाहून नेईल, पोलीस तरी येऊन वेगळे काय करतात?’ असा संदेश सध्या आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये फिरतो आहे. ठाणे दूर असलेल्या गावाला तो पटणे स्वाभाविक असले, तरी त्यातली जवळपास प्रत्येक सूचना तपासाच्या मुळावर येणारी आहे.

रक्ताने भिजलेले कपडे प्लास्टिकमध्ये कोंबले की ओल आत कोंडते, जिवाणू व बुरशी वाढते आणि डीएनए खराब होतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर लवकरच. म्हणून असे कपडे सावलीत वाळवून, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात सीलबंद करतात. घरच्या चादरीमुळे तिचे धागे नि केस प्रेताला चिकटतात, आणि प्रेतावरचे चादरीबरोबर निघून जातात.

वस्तू उचलण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. कीटकनाशकाची बाटली धुऱ्यावर होती की हाताजवळ, झाकण लावलेले होते की उघडे, यावरून आत्महत्या की घातपात या शक्यता तपास अधिकारी तोलू लागतो आणि पुढच्या तपासाची आखणी करतो. तीच बाटली कोणाच्या ओसरीवर नेऊन ठेवली, की तिच्यावर चार उपऱ्या बोटांचे ठसे उरतात, आणि पंचनाम्यापूर्वी ती कोणाच्या ताब्यात होती या बचाव पक्षाच्या प्रश्नाला सरकार पक्षाकडे उत्तर नसते. गळफासात गाठ हाच पुरावा असतो. जीव असण्याची थोडीही शक्यता असेल तर माणसाला तत्काळ खाली घ्यावेच, तिथे पुराव्याचा विचार करूच नये. फक्त दोर गाठीपासून दूर कापावा.

फोटो दुरून काढून मूळ फोनमध्येच ठेवला तर उपयोगी पडतो. गटात टाकला की जखम कुठे होती हे अख्ख्या गावाला कळते, आणि प्रत्यक्ष पाहणारा कोण, फोटो पाहून सांगणारा कोण, हे ओळखणे कठीण होते.

पावसाची भीती मात्र खरी आहे. काळ्या मातीत पायाचा ठसा स्पष्ट उमटतो, प्लास्टर ऑफ पॅरिसने त्याचा साचाही घेता येतो, पण एका सरीत तो जातो. अशा वेळी ठशावर घमेले पालथे घालावे, तेही कडा ठशाला न लागता. ११२ वर फोन करावा, पोलीस पाटलांना कळवावे आणि पऱ्हाटीतून निघणारी वाट व पांदणसुद्धा दोर बांधून अडवावी, कारण गुन्हेगार आला-गेला तो तिथूनच.

‘पोलीस वेगळे काय करतात’ याचे उत्तर कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येणे आणि पुरावा गोळा करण्याचे चित्रीकरण होणे अपेक्षित आहे. ते लागू करण्याची तारीख ठरवायला राज्यांना ५ वर्षांची मुदत आहे. तज्ज्ञ आधी छायाचित्रे घेतो, मोजमापासह नकाशा काढतो, मगच वस्तूला हात लावतो. त्याआधी कोण आत गेले, कोणत्या वाटेने, पायात काय होते, याची यादी गावाने वेळेसह लिहून ठाणेदारांच्या हाती द्यावी, म्हणजे गावकऱ्यांचे ठसे वगळून उरलेल्यांचा माग काढता येतो.