साचा ढिगातच दिसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. साठून राहिलेल्या फँटसी, भयकथा आणि थ्रिलर पेपरबॅकचा ढीग मी एका बाजूने वाचून काढतेय आणि त्यावर लिहितेय, हे तुम्हाला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं. ही पुस्तकं एकाच साच्यातली, दहा वाचली की सगळी वाचल्यात जमा. ढीग संपवायचा म्हणून वाचणं म्हणजे फायली निकाली काढणं. तेवढ्या वेळात एखादी कसदार मोठी कादंबरी नीट वाचून झाली असती. मागच्या लेखात मी एका सुमार भयकादंबरीचं एका प्रकरणापायी नको तेवढं कौतुक केलं. त्यापेक्षा मी निवडक पाच पुस्तकांची यादी द्यावी. आणि शेवटी, 'एवढी घाई कशाला, पुस्तकं काय पळून जाणार आहेत?'

साचा आहे, यावर आपला वादच नाही. फक्त तो दिसला की तुम्ही पुस्तक मिटता, आणि माझं लक्ष तिथून पुढे जास्त लागतं. एकटं पुस्तक वाचलं तर साचा कळतच नाही, तो त्या पुस्तकाचा स्वभाव वाटतो. लागोपाठ बरीच वाचली की मग उमगतं की कुठली गोष्ट सगळेच करतात, कुठली एकानेच केली आणि त्याला ती का करावीशी वाटली असेल.

फँटसीचंच घ्या. खेड्यात वाढलेला अनाथ मुलगा, त्याला वाट दाखवणारा म्हातारा जादूगार, दूर कुठेतरी काळोखाचा स्वामी, पहिल्या पानावर नकाशा आणि मुखपृष्ठावर 'भाग पहिला'. याचा तुम्हाला कंटाळा आला असेल तर तो रास्तच आहे. पण हा साचा फँटसीबरोबर जन्माला आलेला नाही. टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 मध्ये आली ती जाड पुठ्ठ्याच्या तीन खंडांत. 1965 मध्ये अमेरिकेत एस बुक्सने टॉल्किनला न विचारता तिची स्वस्त पेपरबॅक काढली, त्याच वर्षी बॅलन्टाइन या प्रकाशनाने अधिकृत पेपरबॅक आणली, आणि कॉलेजातली मुलं तिच्यावर तुटून पडली. वाचक तर मिळाले, आता त्यांच्या हातात पुढे द्यायचं काय? बॅलन्टाइनने 1969 पासून लिन कार्टर यांच्या संपादनाखाली विसरल्या गेलेल्या जुन्या फँटसी हुडकून छापल्या. विल्यम मॉरिस, लॉर्ड डन्सनी, होप मर्लीस ही मंडळी त्यात होती. मर्लीसबाईंच्या 1926 च्या कादंबरीचा नायक आहे एक मध्यमवयीन, सुखवस्तू महापौर. त्याच्या गावात पऱ्यांच्या मुलखातली फळं चोरून येतात, आणि सभ्य माणसाने त्यांचं नावही काढायचं नाही असा तिथला दंडक. अनाथ मुलगा नाही, काळोखाचा स्वामी नाही, भाग दुसरा तर नाहीच.

ती मालिका 1974 मध्ये बंद झाली. 1977 मध्ये टेरी ब्रुक्स यांची पहिली कादंबरी आली, अगदी टॉल्किनच्या पावलावर पाऊल टाकून, आणि धो धो खपली. त्यानंतर काय छापायचं याचं उत्तर प्रकाशकांना मिळालं आणि पुढची कित्येक वर्षं ते तेच छापत राहिले. माझ्या ढिगात 1977 च्या अलीकडची आणि पलीकडची पुस्तकं एकमेकांना लागून आहेत. ती तशी वाचताना हा सांधा बोटाला लागतो. ज्याला तुम्ही फँटसीचा अंगभूत दोष म्हणता तो एका काळातल्या धंद्याचा हिशेब आहे, हे मला निवडक उत्तम पुस्तकं वाचून कधीच कळलं नसतं. (अर्नाळकरांचा झुंजार किंवा धारपांचे समर्थ ज्यांनी एकामागून एक वाचलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. पात्र तेच, चौकट तीच, म्हणूनच या खेपेला लेखकाने काय बदललं तिकडे डोळा जातो.)

आता 'सुमार' या शब्दाकडे. तो कोण ठरवतं आणि केव्हा? रिचर्ड मॅथेसनची 'आय अॅम लेजंड' 1954 मध्ये गोल्ड मेडल या प्रकाशनाची पेपरबॅक म्हणूनच पहिल्यांदा छापली गेली, आधी जाड पुठ्ठ्यात नाही. जिम थॉम्पसनची 'द किलर इनसाइड मी' 1952 मध्ये लायन बुक्सने अशीच थेट पेपरबॅकमध्ये आणली. अशा थेट पेपरबॅकांची दखल घेणारे अँथनी बाउचर यांच्यासारखे समीक्षक अपवादानेच. एरवी ती पुस्तकं फिरत्या स्टँडवर भडक चित्रांच्या गर्दीत उभी असायची. मॅथेसनच्या त्या कादंबरीवरून जॉर्ज रोमेरोला 1968 च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची कल्पना सुचली, आणि आपण आज ज्यांना झोंबीपट म्हणतो त्या सगळ्यांचं मूळ तिथे आहे. माझ्या ढिगात दुसरा मॅथेसन दडलाय असा माझा दावा नाही. पण 1954 मध्ये त्या स्टँडसमोर उभं राहून तुम्ही किंवा मी कुठलं पुस्तक उचललं असतं हे मला सांगता येत नाही, आणि म्हणून न वाचता निकाल द्यायला माझं मन घेत नाही.

ज्या भयकादंबरीवरून तुम्ही मला खडसावलंत, तिच्याबद्दल. ती थोर आहे असं मी म्हटलेलं नाही. फोनचं प्रकरण थोर आहे असं म्हटलंय, आणि ते पुन्हा म्हणते. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. नायिका रात्री बहिणीशी फोनवर बोलत असते. वरच्या मजल्यावर काहीतरी पडल्याचा आवाज येतो, ती रिसीव्हर टेबलावर ठेवते आणि बघायला जाते. वर काही नसतं. परत येऊन रिसीव्हर कानाला लावते, तर बहीण बोलतेच आहे. मधे थांबते, ऐकते, हसते, 'अगं हो, तूच म्हणाली होतीस ना' म्हणते. म्हणजे इकडून कोणीतरी तिला उत्तरं देतंय. नायिका तोंडातून शब्द काढत नाही. तिला कळून चुकलंय की आपण बोललो तर बहिणीला एकाच वेळी दोन आवाज ऐकू जातील. प्रकरण तिथे संपतं.

यात रक्त नाही, राक्षस नाही, एक भयसूचक विशेषणसुद्धा नाही. जुन्या इंग्लिश भयकादंबऱ्यांची लेखिका अॅन रॅडक्लिफ, तिच्या मृत्यूनंतर 1826 मध्ये छापल्या गेलेल्या निबंधात तिने भीतीचे दोन प्रकार वेगळे केले होते. एकीत काय आहे ते धड दिसत नाही, आणि त्यामुळे मन ताणलं जातं, जागं होतं. दुसरीत सगळं समोर येतं आणि मन आक्रसून गोठतं. फोनचं प्रकरण पहिल्या जातीचं आहे. पुढे त्याच लेखकाने त्या आवाजाला नाव दिलं, शिंगं दिली, हजार वर्षांचा इतिहास दिला आणि शेवटची शंभर पानं मारामारीत घालवली. पुस्तक तिथेच पडलं, इथपर्यंत तुमच्याशी मी सहमत आहे. पण एकाच माणसाच्या हातून दोनशे पानांच्या अंतराने हे दोन्ही कसं घडलं, हे बघायला मिळणं मला मोलाचं वाटतं. उत्तम पुस्तकात हात कुठे सुटला असता ते दिसत नाही, कारण तिथे तो सुटलेलाच नसतो. आणि ते प्रकरण सुटं काढून वाचू नका. आधीच्या प्रकरणांत दोघी बहिणींची बडबड चालू असते, ती कंटाळवाणी वाटते, पण तिच्यामुळेच बहिणीचं हसू आपल्या ओळखीचं झालेलं असतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण या पुस्तकांविरुद्धचा खरा आरोप तोच आहे असं मला वाटतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले थ्रिलर काढून बघा. पहिल्या प्रकरणात एक तरुण मुलगी दिसते, तिचे केस, कपडे, चालणं यावर दीड पान खर्च होतं, आणि प्रकरण संपायच्या आत ती मेलेली असते. पुढे तिचं नावसुद्धा कोणी घेत नाही. एका पुस्तकात हे वाचलं तर आपण म्हणतो, कथानकाची गरज असेल. एकापाठोपाठ एक तेच येत गेलं की गरज वगैरे काही नव्हती हे स्पष्ट दिसतं. ती सवय होती, आणि अनेकांनी मिळून ती वर्षानुवर्षं पोसली. मला त्याचा संताप येतो. पण तो पुराव्यासकट यावा असं वाटतं, आणि पुरावा ढिगातच मिळतो. शिवाय त्याच ढिगात असा एखादा लेखक भेटतो जो दुसऱ्या प्रकरणात त्या मुलीच्या खोलीत जातो, तिची अर्धवट विणलेली शाल, तिने मैत्रिणीला परत द्यायचे पैसे, तिचं चुकलेलं स्पेलिंग दाखवतो आणि मग तपास सुरू करतो. त्याने साच्याला किती मोठा धक्का दिला, हे बाकीची वाचल्याशिवाय कळायचं नाही.

फायली निकाली काढण्याबद्दल. मी भरभर चाळत असते तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. मी तसं वाचत नाही. थ्रिलर मी पाव भागात जोखते. प्रकरण संपताना दार वाजतं आणि पुढच्या प्रकरणात दाराबाहेर शेजारी निघतो, असं दोन-तीनदा झालं की लेखकाकडे सांगण्यासारखं काही नाही हे कळतं आणि मी पुस्तक बाजूला ठेवते. तसं ठेवलं की लेखात तसं लिहिते, कुठल्या जागी सोडलं तेही लिहिते, आणि न वाचलेल्या शेवटाबद्दल अवाक्षर काढत नाही. भयकथा मात्र कितीही रटाळ असली तरी शेवटापर्यंत वाचते. भीती निर्माण करणं बऱ्याच जणांना जमतं, ती उलगडताना टिकवणं फार थोड्यांना, त्यामुळे शेवटचा तिसरा हिस्सा वाचल्याशिवाय भयकथेबद्दल बोलायला अर्थ नाही. फँटसीत मी पहिला खंड पुरता वाचते आणि दुसऱ्याची वाट तेव्हाच धरते जेव्हा पहिल्यात काहीतरी खरोखर संपलेलं असतं.

मोठ्या कादंबऱ्या मी वाचते, यापुढेही वाचेन. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. या पेपरबॅकांवर लिहिणारे फार थोडे.

आणि हो, पुस्तकं पळून जातायत. शब्दशः. हा कागद टिकण्यासाठी बनवलेलाच नव्हता. लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन राहून जातं. उजेड आणि हवा लागली की ते तपकिरी पडतं, कागदातलं आम्ल तंतू तोडत जातं, आणि कोपरा दुमडला की तो दुमडत नाही, तुटून हातात येतो. या पुस्तकांना शिवण नसते. सुटी पानं मागून कापून गरम डिंकाने पाठीला चिकटवलेली असतात. वर्षांनी तो डिंक कडक होऊन तडकतो, आणि आधीच्या वाचकाने पुस्तक जिथे उलटं पालथं घातलं असेल नेमकं तिथे ते दुभंगतं. तरी ही वाचलेली पुस्तकं. अमेरिकेत न खपलेल्या प्रती अख्ख्या परत पाठवणं परवडायचं नाही, म्हणून दुकानदार नुसती मुखपृष्ठं फाडून प्रकाशकाकडे धाडत. तेवढ्यावर पैसे वळते होत आणि उरलेलं पुस्तक लगद्यात जाई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भयकथांची लाट ओसरली आणि कित्येक कादंबऱ्यांची दुसरी आवृत्ती निघालीच नाही. ग्रेडी हेंड्रिक्स यांनी 2017 मध्ये या पेपरबॅकांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे वॅलनकोर्ट बुक्सने त्यांतल्या काही पुन्हा छापल्या. बाकीच्या अशा ढिगांतच आहेत.

म्हणून तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी वाचायचा क्रम बदललाय. ज्यांची नवी आवृत्ती किंवा ई-बुक मिळतं ती तळाशी ठेवली. पुनर्मुद्रण नाही आणि पाठ सुटत चाललीय अशी वर घेतली. ती वाचताना पुस्तक पूर्ण उघडत नाही, अर्धवट उघडून उशीचा आधार देते, आणि सुटलेल्या पानांना चिकटपट्टी लावत नाही, कारण तिचा डिंक कागदात उतरून डाग पडतात. तुम्ही मागितलेली निवडक पाचांची यादी मी करणार नाही. पण प्रत्येक लेखाच्या वर एका ओळीत 'एरवीही वाचावं' किंवा 'ढिगाबरोबरच वाचावं' असं लिहीत जाईन, म्हणजे तुमच्यासारख्या वाचकाला आपलं पुस्तक पटकन उचलता येईल. पुढचा लेख एका समुद्रकाठच्या भयकथेवर आहे. तिची पहिली सोळा पानं आत्ताच सुटी झाली आहेत.