‘रोज २२’ या आकड्याआड राहून गेलेले माजी सैनिक

‘अमेरिकेत रोज २२ माजी सैनिक आत्महत्या करतात. शत्रूच्या गोळीतून वाचले, पण युद्धाच्या आठवणींनी मारले,’ अशा आशयाचा संदेश कित्येक वर्षं फिरतो आहे. २०१६ मध्ये तर २२ जोर काढून व्हिडिओ टाकण्याची लाटच आली होती. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण संदेशातली माहिती दिशाभूल करते, आणि इथे दिशा चुकली तर मदत भलत्याच दाराशी जाते.

आधी तो आकडा. तो अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी विभागाच्या २०१२ च्या अहवालातला. त्या वेळी २१ राज्यांचीच माहिती हाती होती. कॅलिफोर्निया आणि टेक्सास त्यात नव्हती. पुढे सगळ्या राज्यांच्या नोंदी जुळवल्या गेल्या. २०२२ मध्ये ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली, म्हणजे दिवसाला साधारण १७ ते १८.

‘चला, म्हणजे प्रमाण घटलं,’ असं काही जण यावरून म्हणतात. हा समज मला मूळ संदेशापेक्षा घातक वाटतो. २२ हा अपुऱ्या माहितीवरचा अंदाज होता, त्याच्याशी तुलनाच होत नाही. २००१ मध्ये माजी सैनिक अडीच कोटींच्या वर होते, २०२२ मध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख उरले. संख्या एवढी घटूनही रोजचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे दर चढला. २०२२ मध्ये तो लाखामागे ३४.७ होता, सैन्यात कधीच नसलेल्या प्रौढांमध्ये १७.१. या दुपटीतला काही भाग मात्र सरळ आहे: माजी सैनिकांत पुरुष फार, आणि पुरुषांत आत्महत्येचं प्रमाण मुळातच जास्त. वय आणि लिंग जमेस धरून तुलना केली, तर २००२ मध्ये माजी सैनिकांचा दर सुमारे १२ टक्क्यांनी जास्त होता, २०२० मध्ये ५७ टक्क्यांनी. तेही सर्वसामान्य प्रौढांमधला दर स्वतःच वाढत असताना! २००१ मध्ये देशात रोज सरासरी ८१ प्रौढ आत्महत्या करत, २०१८ मध्ये १२७.

आता ‘युद्धामुळेच’ हा भाग. युद्धाचे घाव खोटे नाहीत. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३९ लाख सैनिकांच्या अभ्यासात इराक-अफगाणिस्तान मोहिमांवर जाण्याचा आणि आत्महत्येचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो सेवा सुटण्याशी, त्यातही चार वर्षांच्या आत बाहेर पडलेल्यांमध्ये. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत मोहिमेवर गेलेल्यांमधला धोका ४१ टक्क्यांनी जास्त निघाला, तर न गेलेल्यांमधला ६१ टक्क्यांनी. (मोहिमेसाठी मुळात धडधाकट माणसंच निवडली जातात, हे इथे लक्षात ठेवायला हवं.)

नुकताच लढाईवरून परतलेला तरुण, हे चित्रही अपुरं आहे. तरुणांमधला दर सर्वाधिक आहे हे खरं, पण २०१४ मध्ये आत्महत्या केलेल्या माजी सैनिकांपैकी सुमारे ६५ टक्के पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले होते. त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘ठरवलेल्याला कोण थांबवणार?’ हेही चूक. टोकाची ओढ बहुधा थोडाच वेळ टिकते. या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक बंदुकीने होतात. म्हणून घरातली बंदूक कुलपात राहिली, तर तेवढ्या वेळात माणूस वाचू शकतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांसाठी ९८८ लावून १ दाबलं की रात्रंदिवस माणूस बोलायला असतो. जानेवारी २०२३ पासून तर, विभागाकडे नाव नोंदवलेलं नसलं तरी, बहुतेक माजी सैनिकांना अशा संकटात तातडीचे उपचार मोफत मिळतात.