दस्तक दाखवा, मग सूप वाढा

मागच्या आठवड्यात मी डोक्यावर कवटी आणि दोन हाडं छापलेली कागदी टोपी घालून टोमॅटोचं सूप प्यायले. पैसे भरून. साडीवर त्याचा डाग अजून आहे.

क्रूझ ही पोरांची टूम आणि नवऱ्याची हौस. रत्नागिरीहून रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून मुंबई गाठायची आणि तिथून बोटीत बसून रत्नागिरीच्याच समोरून गोव्याला जायचं. सासूबाईंनी विचारलंच, "आपल्याला भगवती बंदरावरून नाही का घेत?" त्यांच्या वेळी घ्यायचे. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची, ती बंदरं घेत घेत खाली यायची, आणि पडावातून माणसं, बोचकी, फणस, सगळं वर चढायचं. डेकवर पथारी, फडक्यात भाकरी. बोट लागली की भाकरी समुद्राला. पण टोपी घाला म्हणून कोणी मागे लागत नसे.

या बोटीवर जेवणाचीही सजावट. तीन हॉटेलं, रोज रात्री वेगळं. मात्र वाढपी तोच आणि टेबलावरची माणसंही तीच. ही फिरती पंगत १९९८ साली डिस्नेच्या जहाजानं सुरू केली. त्यांच्या एका हॉटेलात आपण बसताना भिंती काळ्या-पांढऱ्या असतात आणि जेवण संपेपर्यंत हळूहळू रंगीत होतात. त्याच वर्षी आमच्याकडे कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि आम्ही त्याचंच कौतुक करत बसलो. आमच्या बोटीनं डिस्नेकडून वाढपी घेतला, भिंती तिथेच ठेवल्या. पहिल्या रात्रीचा देखावा 'समुद्री चाचे' असा होता. म्हणजे छताला जाळी, कोपऱ्यात थर्माकोलचा पेटारा आणि वाढप्याच्या एका डोळ्यावर काळी पट्टी.

एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही, हे त्या पट्टीची कल्पना काढणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. सूप वाडग्याच्या अलीकडे, माझ्या निऱ्यांवर पडलं.

आमच्या टेबलावर एक अनोळखी जोडपं होतं. काका सत्तरीचे, पांढरा सफारी. बसताबसताच म्हणाले, "अलिबागहून आलोय. तेव्हा सगळं नीट समजावून सांगा." अलिबागच्या लोकांना हा विनोद स्वतःच आधी करून टाकावा लागतो. 'अलिबागहून आलाय का' या म्हणण्यावर बंदी घाला अशी याचिका २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, तीही फेटाळली गेली. आता ज्याचं त्यानं पाहायचं.

वाढप्यानं टोप्या वाटल्या. काकांनी टोपी उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"बाहेर तो दिवा दिसतोय ना, कोणता?"

"सर, लाइटहाऊस, सर."

"खांदेरीचा. बेटाला नाव कुणाचं दिलंय? कान्होजी आंग्र्यांचं. त्यांच्या समुद्रातून जाणाऱ्या गलबताला त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, लागायचं. ते नसलं तर गलबत जप्त. १७१२ साली मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची नौका धरली होती. तुमचं दस्तक कुठाय?"

"सर, व्हेज की नॉनव्हेज?"

"दस्तक."

"अहो, सूप निवतंय," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षं एकच वाक्य म्हणत आलेल्या माणसाचा तो आवाज होता.

"निवू दे. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन १७२१ साली अलिबागवर चालून आले आणि हात हलवत परत गेले. आणि त्यांनी आंग्र्यांना चाचा ठरवलं, म्हणून मी चाच्याची टोपी घालू? फोटोसाठी?"

आता वाढपी खाली वाकला, डोळ्यावरची पट्टी कपाळावर सरकवली आणि हळूच म्हणाला, "काका, घाला हो टोपी. फोटो नाय मिळालो तर सायब माका आरडतलो."

काका विरघळले. "मालवणचा का रे तू?"

"आचऱ्याचो."

"मग हा मासा कुठला?"

पोरानं इकडेतिकडे पाहिलं. "बासा."

कार्डावर छापलं होतं 'कोकण कोस्टल फिश'. बासा म्हणजे व्हिएतनामच्या नदीतला, शेततळ्यात वाढवलेला, तुकडे करून गोठवलेला मासा. खाली सुरमई पोहते आहे, आचऱ्याचा पोरगा वाढतो आहे, रत्नागिरीची माणसं जेवत आहेत आणि ताटात व्हिएतनाम. मला इथे विनोद सुचत नाही.

काकांनी कागदी रुमाल पसरला आणि पेनानं लिहिलं, 'सदरहू गलबतास अलिबागेपासून पणजीपर्यंत जाण्यास मुभा आहे. जकात : तळलेला बांगडा, नग दोन.' खाली वळणदार सही. "हे तुझ्या साहेबाला दे."

पोरगा रुमाल घेऊन गेला. पाच मिनिटांनी दिवे मालवले. टाळ्या वाजवत सात-आठ चाचे आले, मधल्याच्या हातात मेणबत्ती लावलेला केक. साहेबाला मराठी येत नव्हतं. म्हाताऱ्या गृहस्थांनी काहीतरी लिहून पाठवलंय, म्हणजे वाढदिवस असणार, असं त्यानं ठरवलं. जहाजावर कुठल्याही तक्रारीला बहुधा हेच औषध असावं. काकांच्या डोक्यावर टोपी चढली. फोटोही निघाला. त्यात मी मागे, तोंड उघडं, हातात निऱ्या. दुसऱ्या दिवशी तो जिन्याजवळ विकायला टांगला होता, माझ्या तोंडासकट.

हसून झालं, पण आठ वाजता जे झालं त्याचं हसू येत नाही. दुसरी पंगत दाराशी उभी होती. पहिलीला साडेसहाला बसवलेलं. सासूबाईंना त्या वेळी भूकच नसते, त्यांनी नुकता दुसरा घास घेतला होता. कोणीतरी येऊन "थँक्यू मॅडम" म्हणत त्यांच्या पुढची ताटली उचलली. आमच्याकडे जेवत्या माणसाच्या पुढचं ताट कोणी ओढत नाही, लग्नाच्या तिसऱ्या पंगतीतसुद्धा नाही. नवरा म्हणाला, "जाऊ दे, सिस्टिम आहे त्यांची." मग रात्री अकराला खोलीत पोळी-भाजी मागवली, तर सिस्टिमनं तिचे पैसे वेगळे का लावले?

दुसऱ्या रात्री जंगलाचं हॉटेल होतं. आचऱ्याचा पोरगा हत्तीचे कान लावून उभा. फिरत्या पंगतीची मोठी खुबी म्हणजे वाढपी तुमच्या आवडीनिवडी लक्षात ठेवतो. त्यामुळे सूप यायच्या आधीच दिवे गेले, टाळ्या सुरू झाल्या आणि काकांचा पुन्हा वाढदिवस झाला.

काकांनी मेणबत्ती फुंकली, केक काकूंकडे सरकवला आणि पोराला जवळ बोलावलं. "साहेबाला सांग, केकऐवजी बांगडा आला असता तर वर्षाचं दस्तक करून दिलं असतं."