घरबसल्या दहा हजार? तसं काही नाही

नागपुरातल्या महाल, नंदनवनच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय: ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत प्रत्येक बेरोजगाराला दरमहा १०,००० रुपये, फॉर्मचे ५०० द्या.’ योजना खरी आहे, २०२४ पासूनची. बाकी गोष्ट अर्धवट. हा बेकारी भत्ता नाही. नोंदणीकृत आस्थापनेत प्रत्यक्ष काम शिकताना दरमहा मिळणारं विद्यावेतन आहे. बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००. वय १८ ते ३५. पैसे थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात, मधल्या कोणाच्या हातात नाही. ‘महास्वयम’ या सरकारी रोजगार पोर्टलवरची नोंदणी फुकट आहे, मग ते ५०० कशाचे, हे मेसेज पाठवणाऱ्यालाच विचारा न भाऊ! आणि हो, प्रशिक्षण संपलं की कायम नोकरी लागेल, असंही योजनेत कुठे लिहिलेलं नाही.